नवी क्यू७, जुनी क्यू७ आणि मधले चार टायर

डॉक्टर नव्या ऑडी क्यू७च्या टेस्ट ड्राइव्हवरून परत आले तेव्हा बुकिंगचा फॉर्म टेबलावर तयार होता, पेनचं टोपणही काढून ठेवलेलं. वीस मिनिटांची चक्कर झाली होती. "जमीन-अस्मानाचा फरक आहे," ते म्हणाले. मी विचारलं, "कशात?" तर म्हणे, "सगळ्यातच." याच उत्तरामुळे मी त्यांना सही पुढे ढकलायला लावली. सगळ्यातच फरक आहे असं माणूस म्हणतो तेव्हा त्याला एकच कुठलीतरी गोष्ट जबरदस्त आवडलेली असते आणि ती कुठली हे त्याचं त्यालाच सापडलेलं नसतं. पुढच्या तीन आठवड्यांत आम्ही ती शोधली.

गोष्ट २०१६ ची. डॉक्टरांची स्वतःची गाडी २०१२ ची ऑडी क्यू७, तीन लिटरचं व्ही-सिक्स टीडीआय डिझेल, ९२ हजार किलोमीटर झालेली. म्हणजे पहिली पिढी. २००५ मध्ये आली आणि २०१५ पर्यंत चालली. पाया फोक्सवॅगन तुआरेग आणि पोर्शे कायेनच्या कुटुंबातला, अंग भक्कम, पाच मीटरच्या वर लांब. शोरूममध्ये उभी होती ती दुसऱ्या पिढीची, २०१५ ला बाजारात आलेली. नाव तेच, इंजिनाचा आकार तोच, आठ गिअरचा ऑटोमॅटिक दोन्हीकडे, चारही चाकांना ताकद दोन्हीकडे. बाकी पायापासून वेगळी.

गंमत अशी की मॉडेल बदललं की गाडी फुगते, ही नेहमीची रीत इथे उलटी झाली होती. नवी क्यू७ जुनीपेक्षा ३७ मिलिमीटर आखूड, १५ मिलिमीटर अरुंद आणि ३२५ किलोपर्यंत हलकी. सव्वातीनशे किलो म्हणजे चार धडधाकट माणसं उतरून गेल्यासारखं. हे वजन ॲल्युमिनियमच्या जास्त वापरातून, बॉडीच्या, सस्पेन्शनच्या सुट्या भागांतून थोडं थोडं करून काढलेलं.

कागदावर इंजिनाचा फरक तसा बेताचा. जुनीचं २४५ अश्वशक्ती आणि ५५० न्यूटन-मीटर टॉर्क (म्हणजे चाकं फिरवायचा जोर), नवीचं २७२ आणि ६००. टॉर्क नऊ टक्क्यांनी वाढला, एवढंच. पण जुनी सुमारे २,३०० किलोची आणि नवी दोन हजारांच्या जरा आत, हे त्यात धरलं की चित्र पालटतं. टनामागे जुनीकडे २४० न्यूटन-मीटर येतात, नवीकडे ३००. शून्यातून शंभर गाठायला जुनीला जवळजवळ आठ सेकंद लागतात, नवीला ६.३, त्याचं मूळ इंजिनापेक्षा तराजूत जास्त आहे.

हे आकडे मी डॉक्टरांना सांगितले. ते म्हणाले, "ते खरं असेल. पण मला आवडली ती शांतता."

म्हणजे गोष्ट सापडली होती. आता ती शांतता नक्की कुणाची, हे बघायचं होतं.

पहिली फेरी, आणि तिच्यात काय चुकलं

दुसऱ्या दिवशी दोन्ही गाड्या एकत्र घेतल्या. शोरूमचा मुलगा समजूतदार होता, दोन तास गाडी द्यायला कबूल झाला. रस्ता ४१ किलोमीटरचा ठरवला: थोडी गर्दी, मग चौपदरी रस्ता, मग सहा किलोमीटरचा वळणांचा चढ, तोच उतार, आणि परतताना एक किलोमीटर उखडलेला रस्ता, ज्यावर तीन गतिरोधक आहेत. क्रम जुनी, नवी, पुन्हा जुनी. तिसरी फेरी कंटाळवाणी वाटते, पण कान फार लवकर विसरतात. जुनीतून नवीत गेल्यावर जे जाणवतं त्यापेक्षा नवीतून जुनीत परतल्यावर जे खटकतं ते जास्त विश्वासाचं, असा माझा अनुभव आहे.

मागच्या सीटवर वहिनी. डॉक्टर गाडी चालवतात, पण गाडीत बसतात त्या, असं त्या स्वतःच म्हणतात. त्यांना मी एकच काम दिलं होतं: बोलायचं नाही, वहीत लिहायचं.

पहिल्या फेरीत तीन चुका झाल्या.

जुनी गाडी रात्रभर उभी होती, थंडच निघाली. नवी सकाळपासून दोन गिऱ्हाइकांकडे जाऊन आलेली, इंजिन गरम. थंड डिझेल खडखडतंच, मग ते कितीही भारी असो. पहिल्या पाच मिनिटांत डॉक्टरांनी इंजिनाच्या आवाजावरून जो शेरा मारला तो मी खोडून टाकला.

दुसरी चूक हवेची. जुनीच्या टायरांत मालकाच्या अंदाजाने भरलेली, नवीत शोरूमच्या. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर आकडा असतो. दोन्ही गाड्यांची हवा टायर थंड असताना त्या आकड्यावर आणायला हवी होती. टायर गरम झाल्यावर मोजली तर जास्तच दिसते, त्यामुळे मधल्या थांब्यावर मोजून उपयोग नाही.

तिसरी चूक आमची नव्हती. परतीच्या फेरीत जुनी गाडी सिग्नलला उभी असताना इंजिन नेहमीपेक्षा जरा चढ्या फेऱ्यांवर घुमायला लागलं, आणि बंद केल्यावरही पुढचा पंखा बराच वेळ फिरत राहिला. डिझेलच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. ती भरत आली की गाडी स्वतःच जादा डिझेल फवारून तिचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेते आणि काजळी जाळते. यात बिघाड काही नाही, तो तिचा दिनक्रमच आहे. पण तेवढ्या वेळात मायलेजचा आकडा कोसळतो आणि आवाजही बदलतो. डॉक्टर लगेच म्हणाले, "बघा, जुनी किती डिझेल खाते!" तोही शेरा खोडला. एका फेरीवरून डिझेल गाडीचं मायलेज ठरवणं म्हणजे एका जेवणावरून माणसाचं वजन ठरवणं.

आवाज मोजायला मी फोनवर एक ॲप घेतलं होतं. त्याचे आकडे इथे देत नाही. फोन कपहोल्डरमध्ये ठेवला की एक आकडा, हातात धरला की दुसरा. त्यापेक्षा वहिनींची वही बरी निघाली.

तीत जुनीबद्दल लिहिलं होतं: "घूं घूं. ६० ला सुरू, ९० ला सगळ्यात जास्त, मग वाऱ्यात बुडतो." आणि नवीबद्दल: "घूं घूं नाही. पण पोटात हलतंय."

घूं घूं

या दोन शब्दांनी प्रकरणाचा रोखच बदलला.

मध्यम वेगाला गाडीच्या आत जो आवाज येतो त्यात टायरांचा वाटा मोठा असतो. शंभरच्या पुढे हळूहळू वारा वरचढ होतो. इंजिनाचा आवाज असता तर तो इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर, म्हणजे गिअर बदलला की चढला-उतरला असता. वहिनींचा आवाज वेगाबरोबर चढत होता, गिअरबरोबर नव्हे. आणि शोरूमची वीस मिनिटांची चक्कर गर्दीतून साठ-सत्तरच्या वेगाने झाली होती, म्हणजे बरोबर त्या पट्ट्यात जिथे वारा अजून गप्प असतो आणि टायर ऐकू येतो.

मी टॉर्च घेऊन जुनीच्या पुढच्या चाकाशी बसलो. टायरच्या कडेला डॉट या अक्षरांनी सुरू होणारा कोड असतो, त्याचे शेवटचे चार अंक म्हणजे आठवडा आणि वर्ष. ३११३. म्हणजे २०१३ चा एकतिसावा आठवडा. टायर तीन वर्षांचे, गाडीबरोबरचे नव्हे, एकदा बदललेले. नक्षी तीन मिलिमीटर उरलेली, नव्यात साधारण आठ असते. पण खरी गोष्ट हाताला कळली. टायरच्या आतल्या कडेवरून तळवा एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर करवतीसारखा दाताळ. नक्षीचा प्रत्येक ठोकळा एका बाजूने झिजून दुसऱ्या बाजूने उभा राहिलेला. असा टायर डांबरावरून जाताना गुणगुणतोच.

असं झिजणं आपोआप होत नाही. चाकांचं अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ रेषेत असणं, हललं की होतं, आणि अलाइनमेंट बऱ्याचदा सस्पेन्शनचे रबरी बुश सैल झाल्यामुळे हलतं. डॉक्टरांच्या मेकॅनिकने गाडी वर घेतली, पुढच्या खालच्या आर्ममध्ये पहार घालून जरा रेटली. बुश नको तितकं हललं. ९२ हजार किलोमीटरच्या रबराचं हे वयच झालं. त्यात गाडीचा दोष शोधण्यात अर्थ नाही.

मुद्दा असा की डॉक्टर नवी गाडी जुन्या मॉडेलशी ताडून बघत नव्हते. ते नवी गाडी थकलेल्या गाडीशी ताडून बघत होते. या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

मी सुचवलं, बुश बदला, चार टायर घाला, अलाइनमेंट करा, आणि पुन्हा चालवू. डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. "विकायच्या गाडीला नवे टायर?"

"टायर तसेही सहा महिन्यांत लागणार. आणि नवीन गाडीच्या किमतीपुढे हा खर्च किती?"

वहिनी मधेच म्हणाल्या, "भाऊजी म्हणतायत ते करा. घूं घूं गेलं तर मला ही गाडी राहिली तरी चालेल." त्यावर बोलणं संपलं.

दुसरी फेरी

दहा दिवसांनी तोच रस्ता, तोच क्रम. दोन्ही इंजिनं गरम, हवा स्टिकरप्रमाणे.

जुनीतलं घूं घूं गेलं होतं. चौपदरी रस्त्यावर ऐंशीच्या वेगाला डॉक्टर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला हिची आठवण राहिली नव्हती." नवी गाडी तरीही शांत होती, पण आता त्या दोघींमधला फरक ऐकायला कान द्यावा लागत होता. शंभरच्या पुढे नवी पुन्हा पुढे गेली: वाऱ्याचा आवाज, काचांच्या आणि दारांच्या रबरांमधून येतो तो, तिच्यात खरंच कमी. हा फरक मॉडेलचा. आधीच्या फरकातला बराच भाग टायरांचा होता.

शांततेचा पडदा बाजूला झाल्यावर बाकीच्या गोष्टी दिसायला लागल्या, आणि माझ्या मते त्याच मोलाच्या होत्या.

चढावर ट्रक. जुनीत पाय दाबला की गाडी एक श्वास घेते, गिअर दोन पायऱ्या खाली येतो, मग जोर येतो. जोर भरपूर आहे, पण बोलावल्यावर येतो. नवीत बऱ्याच वेळा गिअर खाली यायचीही गरज पडली नाही, कारण इंजिनाच्या मिनिटाला १,५०० फेऱ्यांपासूनच पूर्ण टॉर्क हजर आणि ओढायला वजन कमी. ट्रक मागे पडला तेव्हा डॉक्टरांचा पाय अजून अर्ध्यातच होता.

उतार तर सगळ्यात बोलका. मोठी गाडी ओळखायची असेल तर ती चढवू नका, उतरवा. प्रत्येक वळणाआधी ब्रेक लागतो, आणि ब्रेकला गाडीच्या वजनाची आणि वेगाची सगळी ऊर्जा उष्णता करून टाकावी लागते. चौदा टक्के वजन कमी म्हणजे तेवढीच उष्णता कमी. जुनीत चौथ्या-पाचव्या वळणाला डॉक्टर नकळत लवकर ब्रेक दाबायला लागले. नाक खाली जायचं, मग गाडी वळायची, मग सावरायची: तीन हालचाली. नवीत त्या दोन झाल्या. हे त्यांना मी सांगितलं नाही, त्यांनीच उतार संपल्यावर सांगितलं.

एका बाबतीत मी जुनीच्या बाजूने आहे. तिचं स्टिअरिंग हायड्रॉलिक. जड आहे, पार्किंगमध्ये हात भरतात, पण रस्ता ओला आहे की खडीचा हे तळहाताला कळतं. नवीचं विजेवर चालतं. हलकं, नेमकं, आणि मुकं. डॉक्टरांना हा फरक जाणवलाच नाही, त्यामुळे मी आग्रह धरला नाही.

डॅशबोर्डवरची १२.३ इंची स्क्रीन, नकाशा थेट स्पीडोमीटरच्या जागी, वगैरे. छान आहे. चौथ्या दिवशी त्याचं कौतुक उरत नाही.

पोटात हलतं त्याचं काय

वहिनींच्या वहीतला दुसरा शेरा शोरूमच्या मुलाला नीट कळला नाही. एअर सस्पेन्शनच्या, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेवर तोललेल्या, गाडीत कुणाला मळमळेल हे त्याच्या पाठांतरात बसत नव्हतं. पण यात नवल नाही. त्याने गाडी कम्फर्ट मोडवर ठेवून दिली होती. त्या मोडमध्ये छोटे खड्डे गिळले जातात, पण लांब लाटेसारख्या रस्त्यावर गाडी सावकाश वर-खाली होत राहते, बोटीसारखी. चालवणाऱ्याला त्रास नाही, कारण पुढचा रस्ता त्याला दिसतो. मागे बसून वहीत लिहिणाऱ्याला होतो. (वही मीच दिली होती, हेही खरं.)

डायनॅमिकवर टाकल्यावर डोलणं थांबलं. उखडलेल्या एका किलोमीटरवर मात्र धक्के थोडे वाढले. वहिनी म्हणाल्या, "धक्का चालेल, झोका नको." तीन गतिरोधकांवर दोन्ही गाड्या त्यांनी सारख्याच ठरवल्या.

जे चालवलं आणि जे मिळणार होतं

शेवटचा धडा योगायोगाने मिळाला. डॉक्टरांच्या घराच्या तळघरात उतरायचा उतार आहे, खाली काटकोनात वळण. जुनी तिथे रोज तीन तुकड्यांत वळते. नवी तिथे नेली आणि ती एका दमात वळली. डॉक्टरांचा चेहरा बघण्यासारखा होता.

कारण साधं: या गाडीला मागची चाकंही वळतात. हळू वेगात पुढच्यांच्या उलट दिशेला, पाच अंशांपर्यंत, आणि वळायला लागणारी जागा सुमारे एक मीटरने कमी होते. वेगात तीच चाकं पुढच्यांच्या दिशेने जराशी वळतात आणि लेन बदलताना गाडी ठाम राहते. फक्त भिंतीला लागून निघताना शेपटी थोडी बाहेर फेकली जाते, ते अंगवळणी पडावं लागतं.

मी कोटेशन मागितलं. त्यावर मागच्या चाकांच्या स्टिअरिंगचा उल्लेख नव्हता. एअर सस्पेन्शनचाही नव्हता. दोन्ही जादा पैसे देऊन घ्यायच्या गोष्टी, आणि डेमो गाडीत दोन्ही होत्या. मुलाने लपवलं असं मी म्हणणार नाही. आम्ही विचारलं नव्हतं आणि डेमो गाडी भरलेलीच असते. आमच्या विनंतीवरून त्यांनी कोटेशनप्रमाणेच असलेली, डिलिव्हरीसाठी उभी असलेली गाडी आवारात फिरवू दिली. ती हलकी होती, शांत होती, आणि काटकोनात दोन तुकड्यांत वळली. तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांना कळलं की वीस मिनिटांत जी गाडी आवडली ती त्यांना मिळणारच नव्हती.

अजून एक गोष्ट बोलायची राहिली होती. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत फोक्सवॅगनचं (ऑडी याच समूहातली) डिझेल गाड्यांचा धूर चाचणीत कमी दाखवण्याचं प्रकरण बाहेर आलं, नोव्हेंबरात ते तीन लिटर व्ही-सिक्सपर्यंत पोचलं, आणि डॉक्टरांच्या डोक्यात ते होतंच. मी त्यांना एवढंच सांगितलं की नव्या गाडीत ॲडब्लूची वेगळी टाकी आहे. शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के युरिया, तो धुराड्यात फवारला जातो आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडचं नायट्रोजन आणि पाणी होतं. त्यांच्या जुनीत ही टाकी नव्हती. नवीतली टाकी वेळेवर भरायची, कारण ती पूर्ण रिकामी झाली तर गाडी बंद केल्यावर पुन्हा सुरू होत नाही. डॉक्टर म्हणाले, "म्हणजे पेशंटसारखं, औषध चुकवायचं नाही."

बुकिंग झालं. मागच्या चाकांचं स्टिअरिंग आणि एअर सस्पेन्शन धरून, म्हणून गाडी दोन महिने उशिरा आली. कारण म्हणून डॉक्टरांनी फॉर्मच्या मागे स्वतःच्या अक्षरात दोन शब्द लिहून ठेवले होते, ते मला दाखवले: "उतार, तळघर." शांतता त्यात नव्हती.

जुनी गाडी पंधरा दिवसांत गेली. घ्यायला आलेल्या गृहस्थांनी एकच चक्कर मारली, अर्ध्या तासाची, साठ-सत्तरच्या वेगाने. उतरताना दार हळूच लावून बघितलं आणि डॉक्टरांना म्हणाले, "चार वर्षांची वाटतच नाही हो. किती शांत आहे!"